ताईचा पैसा

मराठीच्या मास्तराच्या घरी पैसा टिकत नाही. पण त्याच्या भाषेत मात्र तो फार टिकतो. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आण्याची गच्छंती झाली. तरी अजून आपले बोलणे 'सोळा आणे खरे' असते. दमडी कुणी पाहिलेली नाही, पण कंजुषाची चमडी गेली तरी ती जात नाही!

परवा दिवाळीच्या आवराआवरीत वडिलांचा पत्र्याचा डबा माळ्यावरून खाली आला. बाबांना जाऊन दोन वर्षे झाली. डब्यात एक राणीछाप रुपया निघाला. १९६८ साली निघालेले ते कमळाचे पिवळे वीस पैसेही होते. आजी ते लक्ष्मीपूजनात अगदी सोन्याच्या थाटात मांडीत असे. २०११ साली चलनातून उठलेले चार आणे तर मूठभर होते. आणि तळाशी, वहीच्या कागदाच्या पुडीत, एक भोकाचा पैसा! महायुद्धात धातूची टंचाई पडली, तेव्हा १९४३ पासून सरकारने पैशाच्या पोटालाच भोक पाडले होते. रुपयाला असे चौसष्ट. पुडीवर बाबांचे अक्षर होते : 'ताईचा. द्यायचा राहिला.'

ताई म्हणजे माझी नागपूरची आत्या. वाड्याच्या वाटणीवरून दोन्ही घरांचे बोलणे तुटले, त्याला चौदा वर्षे झाली. बाबा गेले तेव्हा ती आली आणि पाणीही न घेता परत गेली.

आमची कन्या मोबाईलवर एकेका नाण्याचा फोटो काढीत होती. म्हणाली, "हा आत्याआजीला पाठवू?"

"नको. उगीच खपली निघेल," मी म्हणालो.

हल्लीची मुले विचारतात, पण उत्तराला थांबत नाहीत. आत्याच्या नातवाकडे फोटो गेला, तोही पुडीसकट.

रात्री फोन वाजला. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग आत्याचा आवाज आला, "सात वर्षांचा होता रे तो. भाऊबीजेला मी ओवाळले, तर तबकात हा पैसा. मी हसले. म्हटले, हे काय, वॉशर घातलास? तर फुरंगटून बसला. मग मीच तो त्याच्या मुठीत कोंबला. म्हटले, कमवायला लागलास की दे."

"मग दिला नाही?"

"पुढे लुगडी दिली, एकदा कुड्या दिल्या. हा मागायचा मात्र मी विसरले." ती जरा थांबली. "तो विसरला नव्हता म्हणायचा."

वाचकहो, बाजारात या पैशाला फारशी किंमत नाही. असे पैसे घरोघरी निघतात. फोटो पाहून जाणकार किंमत सांगतो. आमच्या फोटोने मालकीण शोधून दिली.

यंदा भाऊबीजेला आम्ही नागपूरला जाणार आहोत. वाड्याचा विषय निघेल, किंवा निघणारही नाही. बाबांच्या वतीने तबकात तो पैसा घालायचा, एवढे मात्र ठरले आहे.

आत्याने बजावले आहे, "पुडीसकट आण."