आधी सांधे मोजा, मग मशीन घ्या

ऊस विकासवाल्यांनी वेल्डिंगवर का लिहावे, असे म्हणाल. पण ऐन हंगामात सांधा उखडून गाळप थांबले, की तोडलेला ऊस गाडीतच वाळतो. वजन घटते, उतारा पडतो.

विस्तारवाढीच्या गर्डरसाठी सबमर्ज्ड आर्क मशीन घ्यावे, असा आग्रह होतो. फ्लक्सच्या दाण्यांखाली ते लांब, सरळ, सपाटीवरचा सांधा भराभर व खोल भरते, हे खरे. पण उभ्या किंवा डोक्यावरच्या सांध्याला ते कामाचे नाही. फ्लक्स ओलसर असला तर सांध्यात छिद्रे पडतात.

आमचे मत साधे आहे. लांब सांधे थोडे असतील तर काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात नाहीतर शिरोलीत करून घ्यावे. भरपूर असतील तरच मशीन घ्यावे, तेही लागणाऱ्या अँपिअरवर न थांबता चालणारे, म्हणजे १०० टक्के ड्यूटी सायकलचे. शेवटी पैसा आपल्या उसाचाच आहे.