नंबर तोच, कंपनी बदलायची का?

बँकेचा ओटीपी, स्कॉलरशिपचा अर्ज, वर्गाचा ग्रुप... सगळं एकाच नंबरला बांधलेलं. म्हणून दर वाढले की आपण कुरकुरतो आणि गुपचूप रिचार्ज मारतो. कंपनी सोडताना होणारा हा खर्च, वेळ आणि ताप म्हणजे ‘स्विचिंग कॉस्ट’. तो जितका जास्त, तितकी कंपनीला दर कमी ठेवायची गरज कमी.

२० जानेवारी २०११ ला देशभर पोर्टेबिलिटी आली. ३ जुलै २०१५ पासून तर हदगावचा नंबर हैदराबादला गेल्यावरही तिथे पोर्ट करता येतो. १९०० वर एसएमएस करायचा, की सुरुवात झाली.

मग स्पर्धा कुठे अडली? ३ आणि ४ जुलै २०२४ ला जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया तिघांचेही दर वाढले. जिओचा २३९ चा प्लॅन २९९ वर गेला. बीएसएनएलने दर वाढवले नाहीत. त्या महिन्यात तिचे ग्राहक वाढले, तिघांचे घटले. म्हणजे स्वस्त पर्याय दिसला की लोक हलतात.

पण हदगावच्या कॉलेजात मिळणारी रेंज तामशाकडच्या तुमच्या गावात मिळेलच असं नाही. आपल्याकडचा खरा स्विचिंग कॉस्ट हा आहे. त्यामुळे आधी मित्राचं सिम घरी नेऊन बघा. पोर्ट करायचंच, तर प्लॅन संपत आल्यावर करा, कारण उरलेला बॅलन्स सोबत येत नाही.

तुम्ही खरंच जाऊ शकता हे कळलं, तरच कंपनी दर वाढवताना दोनदा विचार करेल.