नव्या जिल्ह्याची वास्तू

वास्तुविशारदांच्या संस्था वर्षाचा कार्यक्रम आखतात तेव्हा सभासदांसाठी व्याख्याने, सहल आणि प्रदर्शन ठरलेलेच असते. मुंबईत 1917 साली निघालेल्या विद्यार्थिमंडळातून जी संस्था वाढली, तिने 1929 साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स हे नाव घेतले. तेव्हापासून या व्यवसायाला संघटित आवाज आहे. तो पांढुर्णा-सौंसरसाठी उठावा, असे मला वाटते.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा म्हटला की कचेऱ्या, न्यायालय, सभागृह आलेच. आणि ती एकदा उभी राहिली की पुढच्या दोन पिढ्यांना तीच वापरावी लागतात.

मी दरबारी गवयाचा मुलगा, पेशाने संगीतशिक्षक. मला काळजी आवाजाची. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि उंच छत असले की तानेवर तान आदळते. गाऱ्हाणे सांगणाऱ्या शेतकऱ्याचे शब्दही तसेच विरतात. हार्वर्डच्या सॅबाईन यांनी 1895 पासून व्याख्यानगृहात गाद्या मांडून निनाद मोजला. म्हणजे शास्त्र नवे नाही.

तेव्हा आम्हां ग्वाल्हेरकरांची सूचना एवढीच की, यंदाची एक सहल जाम नदीकाठी न्यावी. जुनी घरे मोजावीत, संत्र्यांच्या बागाइतदारांशी बोलावे आणि आराखडे पक्के होण्यापूर्वी लेखी मत द्यावे. तंबोरा मैफलीपूर्वी जुळवायचा असतो.