लांबच्या रस्त्याने जा

‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ (2010) हा खेळ आम्ही नवशिक्यांना सुचवतो, तेव्हा सहकाऱ्यांच्या भुवया उंचावतात. साहित्याच्या अध्यापकांनी संगणकावरच्या गोळीबाराची शिफारस करावी? करावी, कारण हा खेळ वाचकाचा आहे.

सन 2281. अणुयुद्धाने उजाड झालेले मोहावी वाळवंट. डोक्यात गोळी घालून पुरलेला एक निरोप्या गुडस्प्रिंग्ज गावात डॉक्टर मिचेलच्या घरी शुद्धीवर येतो. तो निरोप्या म्हणजे आपण.

न्यू व्हेगस शहर उत्तरेला आहे. पण सरळ तिकडे निघालेल्या नवख्याला वाटेतले डेथक्लॉ आणि विषारी कॅझाडोर जगू देत नाहीत. म्हणून पहिली सूचना अशी की, दक्षिणेचा, प्रिम-निप्टन-नोव्हॅकचा लांबचा रस्ता धरावा. निप्टनमध्ये सीझरच्या सैन्याने सोडत काढून गावकऱ्यांचे मरण ठरवले आहे. ते पाहिल्याखेरीज पुढे कोणाची बाजू घ्यायची, या प्रश्नाला वजन येत नाही.

दुसरी सूचना: सारे गुण बंदुकीवर उधळू नयेत, ‘स्पीच’ म्हणजे संभाषणकौशल्य वाढवावे. अखेरच्या शत्रूलाही शब्दांनी परतवता येते. तिसरी: जुन्या संगणकांतली टिपणे वाचावीत. ‘व्हॉल्ट 11’ची शोकांतिका बहुतांशी अशा टिपणांतूनच उलगडते.

विद्यार्थी कादंबरीऐवजी गाइड वाचतात म्हणून आपण हळहळतो. मग येथेही प्रत्येक पावलाची आयती उत्तरे कशाला शोधायची? चुकावे, मरावे, पुन्हा निघावे. आमच्याही सूचना एवढ्यावरच थांबतात.