दवाखाना हा संघटनेचाच प्रश्न आहे

मजुरीवाढीसाठी मोर्चा निघाला की आमच्या सानगडीतही त्याची चर्चा होते. पण सरकारी दवाखान्यात डॉक्टरांची जागा रिकामी आहे किंवा औषध बाहेरून आणावे लागते, म्हणून कामगार संघटनेचा झेंडा बाहेर पडला, असे क्वचितच घडते. "तो आरोग्य खात्याचा विषय," असे उत्तर मी चांगल्या कार्यकर्त्यांकडूनही ऐकले आहे. हे उत्तर मला पटत नाही.

हिशेब साधा आहे. भंडारा जिल्ह्यात विडी, तेंदूपत्ता आणि धानाची शेती यांवर हजारो घरे चालतात. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. ती आजारी पडली की हात थांबतो आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. त्याच वेळी तपासणी, औषधे आणि गाडीभाडे यांचा खर्च सुरू होतो. आधी साकोली, मग भंडारा, तिथेही जमले नाही तर नागपूर. संघटनेने वर्षभर भांडून मिळवलेली वाढ एका आजारपणात संपते. म्हणजे आपण एका दाराने आणलेला पैसा दुसऱ्या दाराने जात असतो, आणि त्या दुसऱ्या दारावर आपले कोणीच उभे नसते.

जुन्या पिढीला हे कळत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४४ साली प्रा. बी. पी. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारपण हा कामगाराचा खासगी दोष नाही, त्याची जबाबदारी मालक आणि सरकार यांनीही उचलायची, हे त्यात मान्य झाले.

पण हे छत्र कारखान्यातल्या नोंदीत असलेल्या कामगाराचेच राहिले. घरी विड्या वळणारी बाई, शेतमजूर, मालेगाव-भिवंडीत नोंदीशिवाय यंत्रमाग चालवणारा कामगार, हे बाहेरच राहिले. यात मुस्लिम, दलित, आदिवासी आणि ओबीसी घरांतली माणसे मोठ्या संख्येने आहेत. विडी कामगारांसाठी १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवरच्या उपकरातून दवाखाने आणि शिष्यवृत्त्या चालत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. योजना कागदावर राहिल्या, पण धंद्याशी बांधलेला हक्काचा पैसा सुटला. आता दरवर्षी सरकार अर्थसंकल्पात किती टाकेल, त्यावर सगळे अवलंबून.

ज्यांच्याकडे विम्याचे कार्ड आहे, त्यांनी तरी निश्चिंत राहावे का? २०१७ पासून या विम्याची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये ठरली. समजा, संघटनेने करार करून २०,५०० चा पगार २१,५०० वर नेला. हजार रुपये वाढले, आणि वर्गणीचा सहामाही काळ संपताच अख्खे कुटुंब विम्याबाहेर गेले. कारखाना बंद पडला किंवा कामगाराला नोंदीशिवाय कंत्राटावर टाकले, तरी तेच. नोकरीला बांधलेले आरोग्य नोकरीबरोबर जाते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, हे खरे. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिचा आधार होतो. पण ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. खोकला, रक्तदाब, साखर, कंबरदुखी यांच्या रोजच्या गोळ्या ती देत नाही. विडी कामगाराला तंबाखूच्या धुळीचा खोकला रोज असतो.

मग संघटनेने करायचे काय? गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगडात याचे उदाहरण आहे. दल्ली राजहरा इथल्या लोहखाणीतल्या कंत्राटी मजुरांच्या नेत्या कुसुमबाई बाळंतपणात नीट उपचार न मिळाल्याने गेल्या. शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने त्यानंतर मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून शहीद हॉस्पिटल उभे केले. ते ३ जून १९८३ रोजी सुरू झाले. ब्रिटनमधल्या ट्रेडेगर गावातही कामगारांनी पगारातून वर्गणी काढून दवाखाना चालवला होता. त्याच गावचा खाणकामगार अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि १९४८ मध्ये त्याने सगळ्या देशासाठी मोफत आरोग्य सेवा सुरू केली. कामगारांनी आधी करून दाखवले, मग सरकारकडून ते सर्वांसाठी मिळवले.

आणखी एक गोष्ट. दवाखान्यात काम करणारेही कामगारच आहेत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळे गेली. ती दुर्घटना हा जिल्हा विसरू शकत नाही. अपुरी माणसे, कंत्राटी नेमणुका आणि यंत्रांची रखडलेली देखभाल यांविरुद्ध परिचारिका बोलतात, तेव्हा त्या आपल्याच बाळांसाठी बोलत असतात. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या. त्यांचा संप म्हणजे रुग्णांची गैरसोय, असे चित्र रंगवले गेले. विडी कामगारांची संघटना त्यांच्या शेजारी उभी राहिली, तर हे चित्र टिकणार नाही.

आमच्या मागण्या अशा: आरोग्याच्या हक्काचा कायदा राज्यात व्हावा. राजस्थानने तो २०२३ मध्ये मंजूर केला. विडी आणि इतर घरकाम कामगारांच्या औषधोपचारासाठी त्या धंद्यातूनच बांधील निधी पुन्हा सुरू व्हावा. सरकारी दवाखान्यातली रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत. रुग्ण कल्याण समितीवर कामगार संघटनांचा प्रतिनिधी असावा. आणि एक मागणी संघटनांकडे: पुढच्या मागणीपत्रात मजुरीच्या खालची दुसरी ओळ दवाखान्याची असू द्या.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. निकाल लागून गेला, पण गावातल्या दवाखान्यात औषध यायला मागणारे लोक लागतात. एकत्र येऊन मागण्याची सवय कामगारांइतकी कोणाला आहे?