चोरीची विंडोज आणि माझा जुना लॅपटॉप

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. सहामाही परीक्षेच्या आधी नववीच्या वर्गात परीक्षेतल्या कॉपीवर बोलत होते. दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव लावणं म्हणजे चोरीच, मग ती एका गुणाची असो की एका रुपयाची, असं बरंच काही सांगून झालं. मागे प्रोजेक्टरवर माझ्याच लॅपटॉपचा पडदा होता. पहिल्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. मला वाटलं प्रश्न कॉपीबद्दल असेल.

“टीचर, वो कोने में क्या लिखेला है?”

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं उमटलं होतं. मी उत्तर शोधेपर्यंत मागून एका मुलीचा आवाज आला, “चोरी का डालेले रहे तो आता वो. मेरे भाई के दुकान में भी आता.”

वर्ग हसला. मीही हसले, पण त्यानंतरचा तास मला नीट घेता आला नाही.

हा लॅपटॉप मी २०१६ साली हप्त्यांवर घेतला होता. दुकानदाराने दोन किमती सांगितल्या होत्या. विंडोजसकट एक आणि ‘डॉसवाला’ दुसरी, काही हजारांनी कमी. “मॅडम, डॉसवाला घ्या, विंडोज मी टाकून देतो. ऑफिससकट. तीनशे रुपये.” मी तीनशे रुपये दिले. पावती मागितली नाही, त्यानेही दिली नाही. पुढची नऊ वर्षं प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं, भाषणं, माझे लेख, सगळं त्याच्यावर झालं. मधूनमधून तो क्रॅक उतरला की पुन्हा दुकान, पुन्हा तीनशे.

आपल्यापैकी बहुतेकांची गोष्ट याहून फार वेगळी नसेल. हलाल-हरामच्या बाबतीत आपण किती बारकाईने वागतो! बिस्किटाच्या पुड्यामागचे घटक वाचतो, बँकेतल्या व्याजाचं काय करायचं हे मौलानांना विचारतो. पण संगणकातलं सॉफ्टवेअर कुठून आलं, हा प्रश्न मनात येत नाही. आला तरी ‘मजबुरी है’ म्हणून पुढे जातो.

या विषयावर उलेमांनी विचार केलेला नाही, असंही नाही. लेखन आणि शोध यांवरचा हक्क विकता-राखता येण्याजोगी मालमत्ता मानावी का, याबद्दल उपखंडातल्या काही जुन्या उलेमांचं मत वेगळं होतं. पण आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ साली कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला, की लेखकाचे आणि शोधकाचे हक्क शरीयतने सुरक्षित आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. देशाचा कायदाही स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पुढे संगणक प्रोग्रामचा समावेश झाला, आणि बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हाही गुन्हा ठरला.

राहता राहिली मजबुरी. मजबुरीत सवलत मिळते, पण ती मजबुरी असेपर्यंतच. समोर पर्याय असताना ‘मजबुरी’ म्हणत राहिलो, तर ती सवय होते. माझ्यासमोर पर्याय होता. मी तो नऊ वर्षं पाहिला नव्हता.

पर्याय दाखवला माझ्या भाच्याने. तो इंजिनीअरिंगला आहे. त्याच सुमारास १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबला. म्हणजे सर्वसाधारण वापरणाऱ्याला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणं बंद. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सोय आणि नवा प्रोसेसर लागतो, तो माझ्या लॅपटॉपमध्ये नाही. “खाला, ये तो अब भंगार है,” असं तो म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, “खाला, एक पेनड्राइव्ह देओ.”

त्या पेनड्राइव्हवर त्याने ‘लिनक्स मिंट’ उतरवून आणलं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की लॅपटॉपमधलं काहीही न पुसता ते पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. मी दोन संध्याकाळी तसंच वापरलं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, फायलींचे फोल्डर, सगळं ओळखीचं. तिसऱ्या दिवशी माझ्या सगळ्या फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या आणि मग ते कायमचं टाकलं. अर्ध्या तासाच्या आत काम झालं. चार जीबी रॅमचा तोच लॅपटॉप, जो सुरू होईपर्यंत मी चहा करून आणायचे, तो आता चहाचं पाणी उकळायच्या आधी तयार असतो.

हे फुकट कसं, हा प्रश्न मलाही पडला. फुकटच्या वस्तूवर आपला विश्वास बसत नाही. गोष्ट अशी आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलं, की वापरायला, तपासायला, बदलायला आणि वाटायला सगळ्यांना मोकळीक असेल अशी संगणकप्रणाली उभी करायची. १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा ठरेल असा प्रोग्राम लिहिला आणि पुढच्या वर्षी स्टॉलमन यांच्याच परवान्याखाली खुला केला. हजारो लोकांनी त्यात भर घातली. तुमच्या अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे ज्याला आपण ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणतो, ते आपल्या खिशात आधीपासून चालू आहे.

हा परवाना मला समजला तो वक्फच्या उदाहरणाने. कुणी विहीर खोदून वक्फ केली, की तिचं पाणी कुणीही न्यावं. घागर भरून घरोघरी पोचवण्याचे पैसेही घ्यावेत. पण विहिरीला कुंपण घालून ‘आता ही माझी’ असं म्हणता येत नाही. लिनक्सचा परवाना जवळपास हेच सांगतो. बदल करा, विकासुद्धा, पण पुढच्या माणसाला तीच मोकळीक द्या. दुकानदाराचे तीनशे रुपये आणि हे फुकट यांत फरक हा आहे. तिथे मालक नको म्हणत असताना घेतलेलं असतं, इथे देणाऱ्याने खुशीने ठेवलेलं असतं.

आता अडचणी. त्या न सांगता नुसती तारीफ केली, तर तो दुकानदारच बरा.

पहिली अडचण वायफाय. पेनड्राइव्हवर चालवताना मी इंटरनेट लावलंच नव्हतं, म्हणून ती टाकल्यावर कळली. वायफाय दिसेचना. मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापरलं, ड्रायव्हर उतरवला, मग चालू झालं. भाचा नसता तर मी तिथेच हात टेकले असते. प्रिंटर आपोआप सापडला, स्कॅनरने दोन दिवस घेतले. ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस आलं. साधी पत्रं, तक्ते, प्रश्नपत्रिका छान होतात. पण वर्डमध्ये केलेली, चौकटी आणि चित्रं असलेली फाइल उघडली, की कधी कधी मांडणी हलते. म्हणून बाहेर पाठवायचं ते मी पीडीएफ करून पाठवते. शाळेची ऑनलाइन माहिती भरायचं काम ब्राउझरमध्ये होतं, त्यात काही फरक पडला नाही.

खरी कसोटी लागली ती माझ्या दोन भाषांच्या बाबतीत.

माझ्या जुन्या मराठी फायली ज्या फॉन्टमध्ये होत्या, तो युनिकोड नव्हता. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला असतो. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरांचा कचरा. उर्दूचं तर आणखी अवघड. नस्तालीक लिपीत अक्षरं सरळ रेषेत बसत नाहीत, उजवीकडून डावीकडे उतरत जातात आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे आकार बदलतात. म्हणून १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक संगणकासाठी तयार केलं, तेव्हा हजारो जोड-आकार वेगवेगळे करावे लागले. आमच्या सगळ्या उर्दू प्रश्नपत्रिका छपाईच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या. ते सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही. आणि खरं सांगायचं, तर माझ्याकडची त्याचीही प्रत चोरीचीच होती.

मी वैतागले. दोन दिवस वाटलं, पुन्हा तीनशे रुपये द्यावेत आणि मोकळं व्हावं.

मग भाच्याने कीबोर्डच्या यादीत मराठी आणि उर्दू दोन्ही जोडून दिले. एक बटण दाबलं की इंग्रजीची मराठी, पुन्हा दाबलं की उर्दू. मराठीला इनस्क्रिप्ट, उर्दूला उच्चारावर चालणारा फोनेटिक. गुगलने मोफत दिलेला ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा युनिकोड फॉन्ट घातला. लिब्रेऑफिसमध्ये उजवीकडून लिहिण्याची सोय चालू केली. आणि मी एक तक्ता केला: उजव्या रकान्यात उर्दू शब्द, डाव्या रकान्यात मराठी. दोन्ही एकाच पानावर, एकाच फाइलमध्ये.

तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. पण मी इतकी वर्षं मुलांना शब्दार्थाचे कागद कसे देत होते ते सांगते. उर्दू एका सॉफ्टवेअरमध्ये छापायचं, मराठी दुसऱ्यात, मग कात्री आणि गोंद, मग झेरॉक्स. ज्या मुलांच्या घरात दोन्ही भाषा एका ताटात जेवतात, त्यांच्यासाठी एक कागद करायला मला दोन भाषा कापून चिकटवाव्या लागत होत्या. हे युनिकोडमुळे झालं, लिनक्समुळे नव्हे. विंडोजवरही ते करता आलं असतं. पण चोरीच्या जुन्या सॉफ्टवेअरवर सगळं ‘चाललंय ना’ म्हणून मी तिकडे कधी वळलेच नाही. फुकटात मिळालेल्या चोरीने माझे पैसे वाचवले, आणि मला वीस वर्षं मागे ठेवलं.

लिनक्सचे मेन्यू मराठीतही करता येतात. भाषांतर स्वयंसेवकांनी केलेलं आहे. काही शब्द छान आहेत, काही वाचून डोकं खाजवावं लागतं, आणि उर्दूत तर पुष्कळ जागी इंग्रजीच उरलं आहे. पण इथे तक्रार करून थांबावं लागत नाही. ज्याला दोन्ही भाषा येतात तो ते भाषांतर सुधारू शकतो. आपल्यात असे मराठी-उर्दूचे शिक्षक किती आहेत! भाषेवर प्रेम असल्याची भाषणं आपण दरवर्षी देतोच.

माझं म्हणणं असं नाही, की सगळ्यांनी उद्याच बदलावं. ज्याचा धंदा फक्त विंडोजवर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामवर आहे, त्याने रीतसर विंडोज विकत घ्यावी. त्यात काहीच गैर नाही. ज्याच्या जवळ विचारायला कुणी नाही, त्याला पहिला महिना जड जाईल. पण ज्यांचं काम ब्राउझर, पत्रं, प्रश्नपत्रिका आणि यूट्यूब एवढंच आहे, त्यांनी नवा लॅपटॉप घेण्याआधी किंवा पुन्हा तीनशे रुपये देण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून बघावा.

आणि हे आपल्या संस्थांनाही लागू आहे. चंदा गोळा करून आपण शाळेत संगणक कक्ष उभारतो. सहा-सात वर्षांत त्या मशीनवर चादर पडते आणि पुन्हा चंदा सुरू होतो. केरळमधल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत अनेक वर्षांपासून मुलं लिनक्सवरच शिकतात, त्यासाठी तिथे शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आलं. सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स केलं आहे. चादरीखालची निम्मी मशीन अजून चालण्यासारखी असतील. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा अमानत असतो, तो वाचवणं हेही अमानत सांभाळणंच आहे.

माझं काम अजून संपलेलं नाही. जुन्या उर्दू फायली युनिकोडमध्ये आणण्याची साधनं आहेत, पण जेर-जबर इकडेतिकडे होतात, म्हणून प्रत्येक पान तपासावं लागतं. दर रविवारी चार-पाच प्रश्नपत्रिका होतात. अजून तीन वर्षांच्या बाकी आहेत.

सहामाहीनंतर नववीच्या वर्गात लॅपटॉप पुन्हा लावला. त्या मुलीने आधी कोपऱ्यात बघितलं. तिथे काही नव्हतं. “टीचर, नया लिये क्या?” तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, तीनशे रुपयांसकट. कॉपीवरचं भाषण मात्र या वेळी दिलं नाही. तास संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, “मेरे भाई कू एक पेनड्राइव्ह में दे सकते क्या?”