खंडाच्या दिवशी झालेलं बाळंतपण

राळेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या प्रसूती नोंदवहीत 2013 सालच्या पावसाळ्यातली एक नोंद आहे. मुलगी, वजन अडीच किलो, आई-बाळ सुखरूप. प्रसूती करणाऱ्याच्या सहीच्या रकान्यात माझी सही आहे. ते बाळंतपण मी केलेलं नाही.

त्या दिवशी मी मासिक सभेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले होते. दुपारून पाऊस असा लागला की नाल्याला पूर आला आणि मी पलीकडेच अडकले. 108 ची गाडी तेव्हा महाराष्ट्रात सुरू व्हायची होती. कोलाम पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, बैलबंडीत आणलेली पहिलटकरीण उपकेंद्राच्या ओट्यावर कळा देत होती आणि आत होती एकटी माझी सोबतीण, कंत्राटी सिस्टर. तिने बाळंतपण केलं. वार पूर्ण पडली की नाही ते दोनदा तपासलं, बाळाला पुसून आईच्या छातीशी दिलं, रक्तस्राव बघत दोन तास त्या पोरीच्या उशाशी बसली. पाणी ओसरल्यावर अंधारात मी पोचले, तेव्हा ती नोंदवही उघडून बसली होती. सगळे रकाने भरलेले. एकच रिकामा.

"ताई, सही कोणाची करू?"

तिची अकरा महिन्यांची ऑर्डर आदल्या दिवशी संपली होती. नवी दुसऱ्या दिवसापासून लागणार होती. मधला तो एक दिवस म्हणजे खंड. सलग सेवेचा हक्क कोणी सांगू नये म्हणून मुद्दाम पाडलेला. हजेरीपटावर त्या दिवसाची तिची चौकट कोरी होती, म्हणजे कागदावर ती उपकेंद्रात नव्हतीच. बाईचं काही बरंवाईट झालं असतं, तर नेमणूक नसताना सरकारी टेबलावर बाळंतपण केलं, असा ठपका तिच्यावर आला असता. मी सही केली. ती खोटी नोंद आहे हे मला तेव्हाही कळत होतं. निवृत्त झाल्यावर आज पहिल्यांदा ते जाहीर लिहिते आहे.

तिचं नाव लिहीत नाही, कारण तिची पुढची ऑर्डर अजून निघायची आहे.

मी 1987 साली जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका म्हणून लागले आणि 2022 मध्ये निवृत्त झाले. केंद्र सरकारने 12 एप्रिल 2005 रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं. त्यातून उपकेंद्रांना दुसरी, कंत्राटी आरोग्य सेविका म्हणजे एएनएम मिळू लागली आणि 2009 मध्ये ही आमच्याकडे आली. जाहिरात निघाली होती, अर्ज मागवले होते, गुणवत्ता यादी लागली होती. आम्हा दोघींचं शिक्षण एक, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी एक. गावं आम्ही निम्मी-निम्मी वाटून घेतली. लसीकरणाच्या दिवशी मी एका गावाला, ती दुसऱ्या. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये चार आईसपॅक तिच्याही, चार माझ्याही. बीसीजीची बाटली एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची, हे घड्याळ दोघींच्याही मनगटावर. पगार मात्र असा की निवृत्तीच्या वेळी मला जे मिळत होतं, त्याचा तिसरा हिस्साही तिच्या हातात पडत नव्हता. मी घरी बसल्यावर मला पेन्शन सुरू झालं. ती घरी बसली तर तिला काही नाही.

लोक म्हणतात, परमनंट झालं की माणूस काम करत नाही. हे वाक्य मी सभेत, एसटीत, माझ्या घरच्या लग्नातही ऐकलं आहे आणि दर वेळी मला राग आला आहे. मी पस्तीस वर्षं परमनंट होते. जो करत नाही त्याच्यासाठी जिल्हा परिषदेचे 1964 चे शिस्त व अपील नियम आहेत. निलंबन आहे, वेतनवाढ रोखणं आहे, चौकशी आहे. ते वापरायचं सोडून शेकडो बायकांना दर अकरा महिन्यांनी धाकात ठेवायचं, याला शिस्त कसं म्हणायचं? धाकातला माणूस खरं सांगत नाही. व्हॅक्सिन गरम झालं तर ते फेकून द्या म्हणण्यासाठी, लक्ष्य पुरं झालं नाही तर तसं लिहिण्यासाठी पायाखाली जमीन लागते. ती माझ्या पायाखाली होती म्हणून मी दोन-तीनदा साहेबांसमोर बोलू शकले. माझी सोबतीण माझ्या मागे उभी राहून माझा पदर ओढायची.

गावाच्या बाजूने बघा. 2017 चा पावसाळा आमचा यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. कपाशी पुरुषभर वाढली होती, फवारणी डोक्याच्या वरून चालली होती आणि माणसं पडत होती. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भरती झाले. आमच्याकडे एक फवारणीवाला आला. घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून धार. सोबतचे म्हणाले, "काही नाही, नर्सबाई, ऊन लागलं त्याले." तिने टॉर्च लावून त्याच्या डोळ्यांत बघितलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तिने त्याचा सदरा उतरवायला लावला, साबण-पाण्याने अंग धुवायला लावलं आणि अ‍ॅट्रोपिन तयार ठेवा म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन लावला. तो वाचला. हे शिकायला आठ वर्षं त्याच गावात जावी लागतात. कोण फवारणीला जातो, कोण रिकाम्या पोटी जातो, कोणाच्या घरात औषधाचा डबा पाण्याच्या माठाजवळ असतो, हे तिला माहीत होतं.

पुढच्याच वर्षी पांढरकवडा-राळेगाव भागात वाघिणीची दहशत होती. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जात होते. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली, तोवर दुपारी तीननंतर रानवाटेला कोणी फिरकत नव्हतं. पण लसीकरण सत्र रद्द झालं नाही. आशाताईचा नवरा पुढे कुऱ्हाड घेऊन, मध्ये माझी सोबतीण कॅरियर खांद्याला लावून, मागे दोन गडी, अशी वरात पोडावर जायची. त्या वाटेवर तिला काही झालं असतं तर घरच्यांना काय मिळालं असतं, हा प्रश्न तिच्या सासऱ्याने मला विचारला होता. मला उत्तर देता आलं नाही.

कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. पोडावरची माणसं नव्या चेहऱ्याला दार उघडत नाहीत. कोरोनाच्या लशीच्या वेळी अधिकारी आले, भोंगा लावला, परत गेले. ती दोन दिवस थांबून तिसऱ्या दिवशी एकटी गेली. त्याच पोडावरच्या म्हाताऱ्याला दम्यासाठी ती वर्षानुवर्षं गोळ्या पोचवत होती. त्याने आधी दंड पुढे केला, मग बाकीचे आले. सिकलसेलच्या तपासणीचंही तसंच. बोटाला सुई टोचू देणं म्हणजे विश्वास टाकणं आहे. तो दर अकरा महिन्यांनी नव्याने भरती करता येत नाही.

आता कागदाकडे येते. 14 मार्च 2024 रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढला की, अभियानात दहा वर्षं पूर्ण केलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचं समकक्ष मंजूर पदांवर समायोजन करायचं. रिक्त पदांपैकी 30 टक्के यातून भरायची, 70 टक्के सरळसेवेने. त्या दिवशी तिने मला पेढे दिले होते. पेढ्यांना दीड वर्ष होऊन गेलं. त्या निर्णयाआधी, 2023 ची दिवाळी हे कंत्राटी कर्मचारी संपावर होते. 19 ऑगस्ट 2025 पासून राज्यभर पुन्हा बेमुदत काम बंद झालं आणि त्यातली पहिली मागणी होती ती याच निर्णयाची अंमलबजावणी. सरकारने स्वतः काढलेला आदेश सरकारने पाळावा, यासाठी नर्सेस रस्त्यावर बसल्या.

योगायोग असा की त्याच 19 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने धरम सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात निकाल दिला. तिथल्या एका आयोगात वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबवलेल्या माणसांना कायम करा आणि पदं नसतील तर अधिसंख्य पदं निर्माण करा, असा तो आदेश आहे. सरकारी वकील अशा वेळी 2006 च्या उमादेवी निकालाची ढाल पुढे करतात. मागच्या दाराने आलेल्यांना कायम करता येणार नाही, असं तो निकाल सांगतो, हे बरोबर आहे. पण त्याच निकालात मंजूर पदावर दहा वर्षं राबलेल्यांसाठी एकवेळची वाटही ठेवली होती आणि 20 डिसेंबर 2024 च्या जग्गो खटल्यात न्यायालयाने बजावलं की उमादेवीचा आधार घेऊन दीर्घकाळ काम केलेल्यांचे न्याय्य दावे मोडून काढू नका. आणि ही तर पुढच्या दाराने, जाहिरात वाचून आलेली बाई आहे.

पैसा नाही म्हणतात. अभियानाचा खर्च केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के उचलतं, समायोजन झालं की सगळा भार राज्यावर येईल, हे मला मान्य आहे. पण ओडिशा काही महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत नाही. तिथल्या सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये कंत्राटी भरतीची पद्धतच बंद केली आणि 57 हजारांवर कर्मचारी कायम केले. आपल्याकडे तर माझ्या उपकेंद्राचा हिशेब त्याहून सोपा आहे. मी ज्या पदावरून निवृत्त झाले ते पद मंजूर आहे, आकृतिबंधात आहे. तीन वर्षं उलटून गेली, तिथे कोणी आलेलं नाही. माझी निम्मी गावं आणि तिची निम्मी गावं आता ती एकटी बघते. शेजारी रिकामी खुर्ची आहे, त्या खुर्चीचं सगळं काम ती करते आहे आणि तिला त्या खुर्चीवर बसता येत नाही.

एक अडचण खरी आहे आणि ती संघटनांनीही मोकळेपणाने बोलली पाहिजे. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव या तालुक्यांतल्या अनुसूचित, म्हणजे पेसा गावांत आरोग्य सेवकासारखी पदं राज्यपालांच्या 2014 च्या अधिसूचनेने स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली आहेत. पेसा भरतीसाठी ही पोरं-पोरी वर्षानुवर्षं ताटकळली आहेत. कंत्राटी बहिणीचा हक्क देताना त्यांच्या ताटातलं काढून घेता कामा नये. माझं मत असं की त्या गावांतली पदं आधी त्यांचीच. बिगर-पेसा गावांतल्या जागांवर समायोजन करा. आमचं उपकेंद्र बिगर-पेसा गावात आहे, त्यामुळे मला हे म्हणणं सोपं जातं, हेही कबूल करते. पण कंत्राटी यादीत गोंड, कोलाम, परधान मुलीही आहेत. त्यांना तिथेच कायम करायला कोणी अडवलेलं नाही.

दुसरी गोष्ट त्या 'समकक्ष' शब्दाची. एएनएमला समकक्ष पद आहे म्हणून तिची निदान यादी तरी लागते. आयुष्मान भारतमधून 2018 नंतर आलेले समुदाय आरोग्य अधिकारी, सिकलसेलचे समन्वयक, डाटा एंट्री करणारी पोरं, तालुक्याचे लेखापाल यांनी कुठे जायचं? जुन्या आकृतिबंधात त्यांच्या कामाला नावच नाही. काम नवं आलं आणि कायमचं राहिलं, तर पदही नवं काढायला हवं. आणि समायोजन होईल तेव्हा मागची सोळा वर्षं शून्य धरू नका. निदान वेतननिश्चितीत आणि ग्रॅच्युइटीत ती मोजा. नाहीतर पंचेचाळिशीतली बाई विशीतल्या पोरीच्या मूळ पगारावर सुरुवात करेल आणि निवृत्तीपर्यंत हातात काही उरणार नाही.

मी निवृत्त झाले त्या दिवशी चार्ज द्यायचा होता. चार्ज नियमित कर्मचाऱ्याकडेच द्यायचा असतो, असं मला सांगण्यात आलं, म्हणून शेजारच्या उपकेंद्रातल्या सेविकेच्या नावाने यादी केली. प्रसूती टेबल एक, वजनकाटे दोन, बीपी मशीन एक, नोंदवह्या सोळा. त्या बाईंनी सही केली आणि त्या त्यांच्या गावाला निघून गेल्या. किल्ल्यांचा जुडगा मी हिच्या हातात दिला. त्याची नोंद कुठेही नाही.

2013 च्या खंडाच्या दिवशी जन्मलेली ती मुलगी आता आठवीत आहे. आश्रमशाळेत आरोग्य तपासणी होती तेव्हा हिने तिला ओळखलं आणि मला फोन केला. हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणाली, गोळ्या सुरू केल्या आहेत, महिन्याने परत बघायचं आहे. मी विचारलं, तुझी ऑर्डर कधी संपते? तर म्हणाली, "त्याच्या आधीच, ताई. पण मी बघून येईन."